रस्ता कोर्टात आला नाही

राजाजीनगर, बेंगळूर
१२ जुलै १९६१

ती. दादास,
सुलभाचा नमस्कार. वहिनींनाही सांग.

पत्राला उशीर झाला, त्याचं कारण घरातलं नाही, घरासमोरचं आहे. मागच्या वर्षी तू आला होतास तेव्हा आपण ज्या रस्त्यानं मल्लेश्वरमला चालत गेलो, तो आता तुला ओळखू येणार नाही. उन्हाळ्यात तो रुंद करायला घेतला. दोन्हीकडची झाडं गेली. फूटपाथच्या दगडी फरशा उपटल्या आणि कडेलाच रचून ठेवल्या. गाड्यांसाठी डांबर पडलं, माणसांसाठी काही पडलं नाही. फरशांच्या ढिगांमुळे कडेनं जाता येत नाही, म्हणून सगळे डांबरावरूनच चालतात, आणि त्याच डांबरावरून लॉऱ्या, जटके म्हणजे इथले टांगे, आणि ह्यांच्या कारखान्याच्या बसेस. बस उशिरा पोचली तर आतल्या सगळ्यांची हजेरी उशिरा लागते, म्हणून आतले लोकच ड्रायव्हरला घाई करतात, असं हेच सांगतात. दुपारी पाळी बदलते आणि आमच्या कल्पनाची शाळा सुटते ती वेळ नेमकी एकच.

शेजारच्या तुंगाबाई तुला आठवतील. त्यांचं घराणं इथं चार पिढ्यांचं. त्यांचे यजमान सुब्बाराव मल्लेश्वरममध्ये कापडाचं दुकान चालवतात. आपण त्यांच्या मराठीला हसलो होतो. अजून तसंच बोलतात, "स्वल्प थांब ग, बस जाऊन होऊ दे." रोज दुपारी यजमानांचा डबा दुकानात पोचवतात आणि येताना कल्पनाला शाळेतून आणतात. स्वतःचं मूल नाही, म्हणून आमची त्यांचीच झाली आहे.

त्यांनीच हे अर्जाचं काढलं. आम्ही दोघी घरोघर फिरून सह्या घेतल्या. मागणं फार नाही. फरशा परत बसवा, शाळेसमोर ओलांडायला पांढरे पट्टे ओढा, शाळा सुटताना पोलीस उभा करा. रस्त्यांच्या कचेरीत गेलो तर कारकुनानं विचारलं, तुमच्याकडे मोटार आहे का. नाही म्हटलं. मग रस्त्याशी तुमचा काय संबंध, म्हणाला. तुंगाक्का त्याला कानडीत काय बोलल्या ते मला सगळं कळलं नाही, पण त्यानं बसायला बाक दिला.

अर्ज इंग्रजीत हवा म्हणे. तू वकील आहेस, तेवढा मसुदा करून दे.

तुझी
सुलभा


मिरज
२१ जुलै १९६१

चि. सौ. सुलभास,
अनेक आशीर्वाद.

मसुदा सोबत आहे. दोन पाने झाली, त्याहून लांब अर्ज कोणी वाचत नाही. तू लहानपणी शेजारच्या आडावर कठडा बांधून घेण्यासाठी नानांना किती छळलेस ते आठवले आणि हसू आले. तुझ्या वहिनीला, शारदेला, वाचून दाखवला, तिने तुझे कौतुक केले.

एक सांगतो. तुझ्या पत्रात कारखान्याच्या बसेसचा उल्लेख आहे, तो मी मसुद्यातून गाळला आहे. मधुकरराव त्याच कारखान्यात आहेत आणि नोकरी सरकारी आहे. रस्त्याबद्दल लिही, बसेसबद्दल लिहू नकोस. तुंगाबाईंची सही पहिली असू दे. त्या तिथल्या जुन्या रहिवासी, त्यांना कोणी काही म्हणणार नाही.

उत्तराची वाट पाहण्यात फार वेळ जाईल, तेव्हा धीर सोडू नकोस.

तुझा
दादा


राजाजीनगर
४ ऑक्टोबर १९६१

ती. दादास,
नमस्कार.

तुंगाक्का गेल्या. आज आठवडा झाला.

मी कोपऱ्यावर उभी होते. त्या मल्लेश्वरमकडून येत होत्या, डांबराच्या अगदी कडेनं, फरशांच्या ढिगाला लागून. मागून कारखान्याची बस आली. समोर एक जटका होता. जटक्याला चुकवायला बस डावीकडे आली. बसला वाटलं असेल की कडेला जागा आहे. जागा नव्हती, फरशा होत्या, आणि फरशा आणि बस यांच्यामध्ये त्या होत्या.

पुढचं लिहीत नाही. डबा कितीतरी लांब जाऊन पडला होता.

बस थांबली. हणमंतराव ड्रायव्हर खाली उतरला आणि रस्त्यावरच बसला. त्याला ह्यांच्यामुळे मी ओळखते. आतले लोक उतरले, थोडा वेळ उभे राहिले आणि मग काही जण चालत पाळीवर गेले.

पोलिसांनी मला विचारलं, मी पाहिलं ते सांगितलं. त्यांनी नाव लिहून घेतलं. दोन दिवसांनी कारखान्यातले एक साहेब घरी आले. फार चांगलं बोलले. म्हणाले, बाई वयस्कर होत्या, एकदम आडव्या धावल्या असतील, लांबून नीट दिसत नाही. मी म्हटलं, त्या धावत नव्हत्या, त्यांना धावता येत नव्हतं. ह्यांनी मला आत जायला सांगितलं.

अर्जाचं उत्तर नाही. सुब्बाराव दुकान उघडत नाहीत. कल्पना जरा गप्प आहे, तिला मी शाळेत पाठवत नाही.

दादा, कोर्टात साक्ष द्यावी लागेल. कशी देतात ते मला लिही.

सुलभा


राजाजीनगर
१२ ऑक्टोबर १९६१

ती. दादासाहेब यांस,
मधुकरचा सा. नमस्कार.

हे पत्र सुलभाच्या नकळत लिहीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

तुंगाबाईंचे आपल्याला कळलेच आहे. मला त्यांचे दुःख नाही असे नाही, माझ्या मुलीला त्यांनी वाढवले. पण पुढचे पाहिले पाहिजे. मला ऑफिसात बोलावले होते. कोणी धमकी दिली नाही, चहा दिला. माझ्या बढतीचा कागद वर गेला आहे एवढेच सहज सांगितले. बसमधले दोघे जण बाई धावत आडव्या आल्या असे सांगणार आहेत. उलट सांगणारी एकटी सुलभा आहे.

आणि शिक्षा कोणाला होणार? हणमंतरावाला. मी वर्षानुवर्षे त्याच्याच बसने जातो. इथलाच जुना मराठी माणूस, घरात चार मुले. त्याच्या मागे बसून घाई करणाऱ्यांत रोज मीही असतो. सुलभाला हे पटत नाही. ती म्हणते, मी ड्रायव्हरविरुद्ध बोलत नाही, रस्त्याबद्दल बोलते आहे. आपण कोर्टे पाहिली आहेत. तिथे असा फरक करतात का?

सुनावणी दिवाळीनंतरच्या सोमवारी आहे. समन्स अजून घरी पोचलेले नाही. त्याआधी आपण तिला माहेरी बोलावून तुळशीचे लग्न होईपर्यंत ठेवून घेतले तर फार उपकार होतील. आपल्या शब्दाबाहेर ती जाणार नाही.

आपला
मधुकर


मिरज
१८ ऑक्टोबर १९६१

चि. सौ. सुलभास,
आशीर्वाद.

शारदेची प्रकृती बरी नाही. काळजीचे कारण नाही, पण दिवाळीचे सगळे तिच्याने होणार नाही. तू कल्पनाला घेऊन दिवाळीच्या आधीच ये आणि तुळशीचे लग्न करून जा. पोरीलाही बदल होईल.

साक्षीचे आल्यावर सविस्तर बोलू. घाई नाही.

दादा


राजाजीनगर
१६ नोव्हेंबर १९६१

दादा,

टांग्यातून उतरले तेव्हा वहिनी अंगणात गेरूनं सारवत होत्या. मी विचारलं, बरं वाटतंय का आता. त्या म्हणाल्या, मला काय झालंय? आणि तुझ्याकडे बघितलं. तू चष्मा पुसायला लागलास. मला तेव्हाच कळलं, आणि तुला कळलं की मला कळलंय, आणि आपण दोघांनी दिवाळी केली. फराळ खाल्ला, भाऊबीजेला मी तुला ओवाळलं. तू ताटात साडी घातलीस. ती वहिनींच्या कपाटात ठेवून आले आहे. दुसऱ्या दिवशी तू कोर्टात गेल्यावर निघाले, वहिनींना सांगून. त्यांनी दशम्या बांधून दिल्या.

समन्स येऊन परत गेलं होतं. सुब्बारावांनी तारीख सांगितली, तेच मला कोर्टात घेऊन गेले.

कारखान्याचा वकील म्हणाला, "तुम्ही बसेसविरुद्ध अर्ज केला होता?"

मी म्हटलं, "बसेसविरुद्ध नाही, फूटपाथसाठी."

"म्हणजे अर्ज केला होता."

मी हो म्हटलं. मग मी फरशांचं सांगायला लागले, त्या कधीपासून तिथं पडल्या आहेत, त्यांच्यामुळे लोक कुठून चालतात. न्यायाधीश चांगले होते. म्हणाले, बाई, विचारलं तेवढंच सांगा. बस कुठे होती, त्या कुठे होत्या, एवढंच विचारलं. तेवढंच सांगितलं. बसमधले दोघे आधी बाई धावली म्हणाले, मग सरकारी वकिलानं उलटसुलट विचारलं तेव्हा अडखळले. हणमंतरावानं मान वर केली नाही.

बाहेर व्हरांड्यात त्याची बायको कस्तुराबाई तान्ह्याला कडेवर घेऊन उभी होती. मराठीतच म्हणाली, "तुमचं काय गेलं होतं, बाई?" मला उत्तर देता आलं नाही.

ते उत्तर तुला देते, कारण तुला आणि ह्यांना वाटलं की मला अर्जाचं खूळ लागलं आहे. त्या दिवशी कल्पना तुंगाक्कांबरोबर होती. रोज असायची तशी. त्यांनी तिचा हात धरला होता आणि तिला ढिगाच्या बाजूला ठेवलं होतं, स्वतः गाड्यांच्या बाजूला. बस अंगावर येताना त्यांनी तिला फरशांवर ढकललं. तिच्या गुडघ्याला खरचटलं, एवढंच. मी आधी तिला उचलून घरी नेलं, मग परत आले, आणि पोलिसांना तिचं नाव सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. आठ वर्षांच्या पोरीला पिंजऱ्यात उभं करून वकिलानं विचारलं असतं, म्हातारी धावली की नाही. पाहणाऱ्या दोघी होतो, दादा. एक मी आणि एक ती. म्हणून मला जावंच लागणार होतं.

परत येताना सुब्बाराव म्हणाले, "अम्मा, तू खरं बोललीस. सरी, बरोबर केलंस. पण रस्ता कोर्टात आलाच नाही."

सुलभा


राजाजीनगर
९ फेब्रुवारी १९६२

ती. दादासाहेब यांस,
सा. नमस्कार.

निकाल मागच्या महिन्यात लागला. हणमंतरावाला सहा महिन्यांची कैद झाली. नोकरी गेली, कारखान्याची खोलीही सोडावी लागली. त्याची माणसे आमच्याच बाजूला एका चाळीत राहायला आली आहेत. मला बढती मिळाली नाही. मला स्टोअरमध्ये बसवले आहे, तिथे माझ्या शिक्षणाचे काही काम नाही.

कल्पना त्या ठिकाणी होती हे मला दिवाळीनंतर कळले. माझ्याच मुलीबद्दल. मी सुलभाला विचारले, मला का नाही सांगितलेस. ती म्हणाली, तुम्ही ऑफिसात सांगितले असते. मी नाही म्हणालो. पण दादासाहेब, सांगितले नसते असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

आता ती रोज शाळा भरताना आणि सुटताना रस्त्यावर जाऊन उभी राहते. हात वर करून गाड्या थांबवते आणि मुलांना पलीकडे नेते. आजूबाजूची वीस-पंचवीस मुले जमतात. सकाळी ती जी बस थांबवते तिच्यात मी बसलेलो असतो. नवा ड्रायव्हर शिव्या देतो, मग त्याला कोणी तरी हळूच सांगतो की हिचा नवरा आत आहे. ती काचेतून माझ्याकडे बघत नाही. मी वर्तमानपत्र उघडतो.

एक दिवस तिच्या अंगावर गाडी जाईल. आपण तिला समजवावे. माझे ती ऐकत नाही, आणि मलाही आता तिला काही सांगण्याचे तोंड उरलेले नाही.

मधुकर


मिरज
२ मार्च १९६२

चि. सौ. सुलभास,
आशीर्वाद.

तुझे नोव्हेंबरचे पत्र आले तेव्हापासून उत्तर लिहितो आणि फाडतो. मधुकररावांनी मला तुला समजवायला सांगितले आहे. समजवण्यासाठी हे पत्र नाही.

मी जे केले ते वकील म्हणून केले असे मी स्वतःला सांगत होतो. तू साक्ष दिलीस तर ड्रायव्हर तुरुंगात जाईल आणि रस्ता तसाच राहील, हे मला दिसत होते, आणि तसेच झाले. हे लिहिताना मला बरोबर ठरल्याचे समाधान वाटत नाही. शारदेने दिवाळीनंतर माझ्याशी बोलणे कमी केले आहे. ती एकदाच म्हणाली, "माझ्या दुखण्याचं नाव घेऊन तुम्ही तिला फसवलंत. उद्या मी खरंच आजारी पडले तर ती येईल का?"

नवा अर्ज सोबत आहे. या वेळी काही गाळलेले नाही. बसेस आहेत, पाळीच्या वेळा आहेत, फरशा आहेत, तुंगाबाईंचे नाव आहे. निकालाची नक्कल मागवून जोडली आहे. कोर्टाने मृत्यू मान्य केला आहे, तेव्हा कचेरीला तो नाकारता येणार नाही. मुख्य इंजिनियरांच्या नावे रजिस्टरने पाठव.

रस्त्यात उभी राहतेस ते मला आवडत नाही. पण राहू नकोस असे लिहिणार नाही.

दादा


राजाजीनगर
२७ ऑगस्ट १९६२

ती. दादास,
नमस्कार. वहिनींना सांग की बोलावलं तर येईन, आजारी असल्या तरी आणि नसल्या तरी.

अर्जाचं उत्तर आलं. पाच महिने लागले. तू जोडलेली नक्कल त्यांनी नीट वाचली आहे. लिहितात की सदर अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे घडला असं न्यायालयानंच ठरवलं आहे, त्याअर्थी रस्त्यात दोष नाही, आणि म्हणून अर्ज निकालात काढला आहे. मी दोनदा वाचलं. माझ्याच साक्षीवर त्यांनी फाइल बंद केली. मी खोटं बोलले असते तर तुंगाक्का स्वतःच्या चुकीनं मेल्या असत्या, खरं बोलले तर हणमंतरावाच्या चुकीनं मेल्या. रस्ता दोन्हीकडून सुटतो.

सुब्बारावांना वाचून दाखवलं. त्यांनी दुकान विकायला काढलं आहे, म्हैसूरला भावाकडे जाणार आहेत. म्हणाले, कागद मला दे. मी दिला. त्यांनी त्याची घडी करून खिशात ठेवली. काय करणार ते विचारलं नाही.

फरशा अजून तिथंच आहेत. गेल्या महिन्यात एका सायकलवाल्याचा पाय गेला. ह्यांच्याशी बोलणं आता कामापुरतं होतं, पण भांडण नाही. पावसात एक दिवस माझी छत्री मोडली तर दुसऱ्या दिवशी दारामागे नवी होती. बसमधून मात्र उतरत नाहीत. मी वाट बघत नाही असं म्हणते, पण काचेकडे न बघायला मला रोज ठरवावं लागतं. कल्पना बोलायला लागली आहे, थोडं. गाड्यांच्या बाजूला मी तिला कधी ठेवत नाही, तर परवा तिनं शेजारच्या लहान पोराला आपल्या आतल्या बाजूला घेतलं.

हणमंतराव सुटून आला. लायसन्स नाही, काम नाही. चाळीच्या पायरीवर बसलेला दिसतो. मी त्या बाजूनं जायचं टाळते. त्याची दोन मुलं कल्पनाच्याच शाळेत जातात. आधी हणमंतरावाच्या ओळखीचं कुणी तरी बसनं सोडायचं, आता चालत जातात. माझ्या घोळक्यात कधी आली नाहीत. कस्तुराबाई त्यांना लांब खालच्या बाजूला नेऊन ओलांडायची, तिथं वळण आहे आणि गाड्या दिसत नाहीत. मला ते दिसायचं. जाऊन सांगण्याचा धीर झाला नाही.

काल ती आम्ही रस्ता ओलांडतो त्या जागी आली. दोन्ही मुलांना धरून जरा बाजूला उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, काही बोलेल. बाकीची मुलं गोळा झाली, मी हात वर करणार तेवढ्यात ती पुढं आली आणि तिनं मोठीचा हात माझ्या हातात दिला आणि धाकट्याचा कल्पनाच्या.

"नीट न्या," म्हणाली.

मी हात वर केला. बस थांबली. आम्ही पलीकडे गेलो. शाळेच्या फाटकातून मुलं आत गेली तेव्हा मी मागं बघितलं. कस्तुराबाई घरी निघाली होती, डांबराच्या कडेनं, ढिगांना लागून, तिथून चालण्यावाचून दुसरी वाट नाही म्हणून. तिच्या मागून लॉऱ्या येत होत्या. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

तुझी
सुलभा